ॲपचा सल्ला

अमेरिकेत ईडन प्रेरीतले आमचे शेजारी काका खिडकीबाहेर बर्फ पडताना दिसला, तरी फोनमध्ये हवामान बघितल्याशिवाय जॅकेट घालत नाहीत. रागावले तरी त्यांचा आवाज चढत नाही, फक्त त्यांचं 'टेक्निकली' जरा लांबतं.

ब्लॅकजॅक, म्हणजे बेरीज एकवीसच्या पुढे जाऊ न देण्याचा पत्त्यांचा जुगार; त्यासाठी त्यांनी स्वतः ॲप बनवलं. पत्ते भरले, की पुढचा पत्ता घ्यायचा की थांबायचं ते ॲप सांगतं. त्याचं टेस्टिंग महिनाभर काकूंनी केलं, पोळ्या लाटता लाटता.

गेल्या शनिवारी आम्ही नदीपलीकडच्या कसिनोत गेलो. दारातच काकांनी फोन आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "टेक्निकली, टेबलावर डिव्हाइस वापरणं गुन्हा आहे. ग्रीन कार्ड अडकेल, यार."

"मग मी सांगते की," काकू म्हणाल्या. "मला सगळं पाठ झालंय."

काकांनी आधी मॅनेजरला विचारून घेतलं. तो हसून म्हणाला, बायकोला बंदी नाही.

पहिल्याच डावात काकांचे सोळा झाले. पत्ते वाटणाऱ्या डीलरपुढे छक्की होती.

"अहो, थांबा," काकू म्हणाल्या.

काकांनी काकूंकडे न बघताच पत्ता मागितला. राजा आला, बेरीज एकवीसच्या पार गेली, आणि डाव हातचा गेला.

पार्किंगमध्ये त्यांनी माझ्याकडून फोन घेतला आणि तेच पत्ते भरले. स्क्रीनवर आलं: थांबा.

काकांचा चेहरा उजळला. फोन काकूंपुढे धरून ते म्हणाले, "बघ गं, टेक्निकली ॲप एकदम करेक्ट आहे."