देवी काढत नाही

आज क्वेकर्स हिलच्या मेडिकल सेंटरमध्ये लेकीला फ्लूची सुई टोचायला नेलं होतं. काउंटरवर फॉर्म भरताना मला एकटीलाच हसू फुटलं. असाच एक फॉर्म मी पूर्वी भरला होता आणि कॉलेजची बाई पार बुचकळ्यात पडली होती.

तेव्हा मी आणि माझी मैत्रीण नुकत्याच परदेशी शिकायला आलो होतो आणि ब्लॅकटाउनला एका खोलीत राहायचो. मी पुण्याची, फटकळ. ती सावंतवाडीकडची, दहा शब्दांच्या जागी एक बोलणारी. दोघी एका खाजगी कॉलेजात एज्ड केअर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल, शिकत होतो. पातेलं एकच, सकाळी त्यात चहा आणि संध्याकाळी खिचडी. खिचडीला चहाचा वास यायचा, तरी चाटूनपुसून खायचो. अजूनही त्या पातेल्याची आठवण आली की जीव हळवा होतो.

प्लेसमेंटच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाच्या, आधी कॉलेजने लशींचे कागद मागितले. लस नाही तर म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये पाऊल नाही, म्हणजे कोर्स गेला, आणि कोर्सबरोबर व्हिसाही. मैत्रिणीने जन्मात एकही लस घेतली नव्हती. तिचा भाऊ तान्हा असताना गोवरातून मरता मरता वाचला, तेव्हा तिच्या आईने गावच्या देवीला नवस केला होता की तुझ्या वाटेत येणार नाही, या घरात कुणाला टोचणार नाही.

"तुझं इंग्लिश चांगलंय, तू लिही ना," ती म्हणाली. मी आधी तिला चांगलं फैलावर घेतलं. कसला नवस आणि कसलं काय. पण तिचे डोळे भरले, मग मुकाट्याने बसले लिहायला. धर्माची अडचण काय, असा रकाना होता. तिच्या आईलाच, काकूंना, फोन लावला. त्या म्हणाल्या, "लिही, आमच्यात देवी काढत नाहीत." जुनी माणसं कुठलीही लस टोचण्याला देवी काढणंच म्हणतात, हे मज शहाणीला कुठे ठाऊक. मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत लिहिलं, आम्ही आमच्या देवीला बाहेर काढत नाही.

कॉलेजच्या बाईंनी ते दोनदा वाचलं. "नो वरीज, तिला घरातच राहू दे," त्या म्हणाल्या. "पण लस घ्यावी लागेल. डॉक्टरने लिहून दिलेलं कारण चालतं, धर्माचं नाही."

जिन्यात मैत्रिणीने मला खरा अर्थ सांगितला आणि आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता ती रडायलाच लागली. नवस मोडला आणि भावाला काही झालं तर, ही तिची भीती.

शेवटी काकू म्हणाल्या, "नवस माझा आहे. मी कौल लावते." त्यांच्याकडे मूर्तीला फुलं चिकटवतात. उजवीकडचं पडलं तर देवीचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. दोन दिवसांनी फोन आला, "उजवा दिला. घे टोचून." त्याच आर्वोला, म्हणजे दुपारीच, आम्ही क्लिनिकमध्ये गेलो. सुई टोचताना मी तिचा हात धरला आणि वर टोमणाही मारला की तुझ्यापेक्षा तुझी देवी शहाणी.

पुढे ती डार्विनच्या हॉस्पिटलात लागली. इंडियाच्या एका ट्रिपला मी काकूंना भेटायला गेले. देवळापाशी त्यांनी ओटीचं ताट माझ्या हातात दिलं आणि आपण खालीच थांबल्या. "गुडघे धरलेत गं," म्हणाल्या. पायऱ्या पाचच होत्या. डॉक्टरला दाखवत नाही म्हणून मी त्यांनाही झापलं. घरी आल्यावर त्याच काकू शिडी लावून माळ्यावर चढल्या, मला द्यायची कोकमं काढायला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. आज गाडीत बसल्या बसल्या मैत्रिणीला फोन केला, म्हटलं त्या फॉर्मवर जरा हसू. ती हसली. मग म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय. जायच्या आधी आई बोलली. कौल तिने तीनदा लावला होता. तीनदा डावा."

"म्हणजे नकार?" मी म्हटलं.

"देवीला म्हणाली, पोरीकडे बघू नकोस, काय रुसायचं ते माझ्यावर रूस. त्यानंतर ती देवळात गेलीच नाही. कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणाली."

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"गुडघ्यांना काही झालं नव्हतं गं तिच्या."