अँटेना धरणारे अण्णा

बेळगावहून निपाणीला परतताना माझ्या शेजारी रोज एक म्हातारे अण्णा बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. काळ्यापांढऱ्या टीव्हीवरची एक विनोदी मालिका त्यांना तोंडपाठ होती. त्यातला घरमालक कधी शिंकला, कुठल्या वाक्याला हशा पिकला, सगळं सांगायचे. बोलताना पुढच्या सीटची दांडी धरून मनगट सावकाश फिरवायचे.

"घरमालक दिसायला कसा हुता ओ?" एकदा मी मुद्दाम विचारलं.

"ठावं न्हाय. मी कौलांवर अँटेना धरून बसायचो. खाली आक्का हसली की समजायचं, चित्र आलं. मग हलायचं न्हाय."

"आक्का कुठं असतात?"

"वारली की. लई वर्सं झाली."

अण्णा काकतीला उतरले आणि आमची बस तिथंच पंक्चर झाली. समोरच त्यांचं घर, दाराला कुलूप. ते न उघडताच अण्णा शिडीनं कौलांवर चढले. तार तुटलेली अँटेना फिरवत त्यांनी खाली विचारलं, "आलं का गं?"

आणखी थोडी फिरवली. मग एकदम थांबले, ते हललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारी बसता बसता म्हणाले, "आक्काला इचारलं. घरमालकाच्या डाव्या गालावर तीळ हुता."

लहानपणी ती मालिका मी बघितली होती. तीळ डाव्याच गालावर होता.