मंगळवारची पगारी सुट्टी

कारेगावात आम्ही चौघी एका खोलीत राहतो आणि रांजणगावच्या एमआयडीसीत गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर काम करतो. मी नीलम, जामखेडकडची. माझ्या शेजारच्या गादीवर अपेक्षा रणपिसे झोपते. ती दौंड तालुक्यातल्या भांडगावची, वय बावीस, आयटीआय झालेली. बांधा एवढासा, पण लाईनवर तिचा आवाज मशीनच्या वर ऐकू येतो.

ती राहायला आली त्याच आठवड्यात मला कळलं की ही साधी नाही. तिनंच सांगितलं, आयटीआयच्या प्रवेशासाठी तिला जातीचा दाखला हवा होता. कार्यालयाबाहेर बसणारा एजंट म्हणाला, "दोन दिवसात काढून देतो, पण आत साहेबांचं बघावं लागंल." अपेक्षा तेव्हा सतरा वर्षांची. "मग मीच बघते की साहेबांना," म्हणाली आणि दर सोमवारी डबा घेऊन त्या कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसायला लागली. सहाव्या सोमवारी शिपायानं तिला आपणहून चहा आणून दिला. सातव्या सोमवारी दाखला हातात पडला.

"कंटाळा नाही आला?" मी विचारलं.

"आला की. पण त्यांना माझ्याआधी आला."

लोकसभेची निवडणूक लागली तेव्हा आमच्या मेसमध्ये रोज संध्याकाळी त्याच गप्पा. मेस चालवणाऱ्या दगडाबाई पोळ्या लाटता लाटता एकच वाक्य म्हणायच्या, "समदे चोर हायेत गं. कुणालाबी द्या." आम्ही माना डोलवायचो. मलाही तसंच वाटायचं. अठरा पूर्ण झाल्यावर गावी नाव नोंदवलं होतं, मत एकदाही दिलं नव्हतं.

अपेक्षा मात्र ताट बाजूला सारून म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं वीस पोरी जेवतात. त्यातल्या दोघी ताटात भात टाकून उठतात. म्हणून तुम्ही समद्यांनाच उष्टं टाकणाऱ्या म्हणाल का?"

"न्हाई म्हणणार. मला म्हाईत हाय ना कोण टाकतं ते."

"मग पुढाऱ्यांचं का म्हाईत करून घेत न्हाई?"

तिनं खरंच माहीत करून घेतलं होतं. उमेदवारांनी अर्जाबरोबर दिलेली प्रतिज्ञापत्रं तिनं मोबाईलवर उतरवली होती. कुणावर किती गुन्हे, कुणाचं शिक्षण किती, कुणाच्या नावावर किती जमीन, ती मोठ्यानं वाचायची आणि आम्ही जेवता जेवता ऐकायचो. टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा जास्त मजा यायची. एका अपक्षानं जंगम मालमत्तेत एक जुनी दुचाकी आणि दोन शेळ्या लिहिल्या होत्या, तर दगडाबाई म्हणाल्या, "ह्याला द्या गं, ह्यानं शेळ्या तरी लपवल्या न्हाईत."

पुणे जिल्ह्यात मतदानाच्या तारखा दोन पडल्या होत्या. दौंडकडचं मतदान मंगळवारी आणि शिरूरकडचं पुढच्या सोमवारी. कंपनीच्या बोर्डावर नोटीस लागली: सोमवारी मतदानाची पगारी सुट्टी. अपेक्षानं ती वाचली आणि तडक रविराज सरांकडं गेली. हे सर कंत्राटदाराचे माणूस. हजेरी, सुट्टी, गेटपास सगळं त्यांच्या हातात. मी तिच्या मागंच उभी होते.

"सर, माझं मत भांडगावात हाय. मला मंगळवारी सुट्टी लागंल."

"सुट्टी सोमवारी आहे, अपेक्षा. नोटीस वाचली नाहीस का?"

"वाचली. पण सोमवारी मी काय करू? झोपू?"

सर हसले. "झोप की. मंगळवारी डिस्पॅच आहे, माल बाहेर पडायचाय. एकीला सोडलं तर दहा जण येतील."

"दहाच हायेत," अपेक्षा म्हणाली. "मी विचारून आलेय. दौंडकडचे दहा जण आन् मी अकरावी."

मग तिनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. शासनाचं परिपत्रक होतं ते. मतदार कामानिमित्त मतदारसंघाच्या बाहेर असला तरी त्याच्या गावच्या मतदानादिवशी त्याला पगारी सुट्टी द्यायची, आणि कंत्राटी कामगारालाही द्यायची, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. सरांनी ते दोनदा वाचलं. मग घडी करून आपल्या खिशात ठेवलं. "वर विचारावं लागेल," म्हणाले.

दोन दिवस गेले, तीन गेले. वरून काही येईना. येणार तरी कसं, सरांनी विचारलंच नव्हतं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अपेक्षा आपलं ताट घेऊन त्यांच्या समोर जाऊन बसली. मला वाटलं, आता भांडण होतं.

"सर, तुमचं नाव कुठल्या यादीत हाय वो?"

सर घास चावायचे थांबले. "वरवंडला."

"म्हंजी दौंडातच! भांडगावच्या बगलेला! मग तुम्ही कवा जाता मत द्यायला?"

सरांनी घास गिळला. मग त्यांचा आवाज कारखान्यातला राहिला नाही, गावाकडचा झाला. "नऊ वर्षं झाली इथं येऊन. एकदाबी गेलो न्हाई. दरवेळी डिस्पॅच असतंच की गं."

"मग मी यादी बारा जणांची करू?"

सरांनी ताटातली मिरची उचलली, खाली ठेवली आणि म्हणाले, "कर." त्याच दुपारी ते परिपत्रक घेऊन वरच्या साहेबांकडं गेले. साहेबांनी काय म्हटलं ठाऊक नाही, पण संध्याकाळी पहिल्या नोटिशीखाली दुसरी नोटीस लागली. मंगळवार, बारा नावं, पगारी सुट्टी. दौंडकडची पोरं त्या बोर्डासमोर उभी राहून फोटो काढत होती.

सुट्टी मिळाली, आता जायचं कसं? एसटीच्या गाड्या निवडणुकीच्या कामाला लागलेल्या. रविवारी भांडगावचा नवनाथ मेसच्या दारात आला. तो एका उमेदवाराचं काम करायचा. "अपेक्षाताई, जीप पाठवतो. दारातून दारात. चौफुल्याला मटणाचं जेवण हाय, आन् प्रत्येकाला पाकीट हाय. कुणाला द्यायचं ते तेवढं ध्यानात ठिवा."

पोरांचे डोळे चमकले. खोटं कशाला बोलू, माझेही चमकले असते. अपेक्षा शांतपणे म्हणाली, "नवनाथदादा, जेवायला घालायचं तर मतदान झाल्यावर घाला, आन् कुणाला दिलं ते न विचारता घाला."

"तसं कसं जमंल?"

"मग ऱ्हाऊ द्या."

नवनाथ चिडला. "पुन्हा गावात कवा काय काम पडंल तवा बघू," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. दोन पोरं अपेक्षावर रुसली. एक जण तर म्हणाला, "मटण खाऊन मत आपल्या मनानं दिलं असतं की." ती म्हणाली, "मला न्हाई जमत. मी खाल्लं की मला बोलता येत न्हाई मग." एवढं बोलून विषय संपवला.

शेवटी चार दुचाक्या आणि रविराज सरांची गाडी असं ठरलं. माझी आठवड्याची सुट्टी त्या दिवशी होती, म्हणून मीही गाडीत घुसले. सकाळी सहालाच निघालो. न्हावऱ्याला चहा घेतला, पारगावला भीमेचा पूल ओलांडला आणि सर म्हणाले, "आलो आपल्या दौंडात." त्यांनी काच खाली केली आणि पूल संपेपर्यंत गाडी हळू चालवली. मग आम्हाला भांडगावात सोडून ते वरवंडला गेले.

शाळेत रांग होती. मी बाहेर झाडाखाली थांबले. आत जे झालं ते मला अपेक्षाचे वडील पोपटमामा यांनी सांगितलं. ते पुरुषांच्या रांगेतून तिच्या मागोमागच आत गेले होते.

यादीत फोटो अपेक्षाचा, पण नाव छापलेलं 'अपेक्षित पोपट रणपिसे, पुरुष'. अधिकारी चष्मा वर करून यादीकडं बघत, मग तिच्याकडं बघत, मग पुन्हा यादीकडं. मागून कुणीतरी ओरडलं, "पोपटराव, पोरगा कवा झाला वो?" सगळी खोली हसायला लागली. पोपटमामा लाजले, पण अपेक्षा हलली नाही.

"साहेब, छपाईची चूक असली आन् माणूस ओळखू आलं, तर मत देता येतं. हे आधार बघा, आन् फोटो बघा."

अधिकाऱ्यांनी बाजूला बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना विचारलं, "कुणाची हरकत?" त्यात नवनाथ बसलेला.  नवनाथनं अपेक्षाकडं पाहिलं आणि म्हणाला, "हरकत कसली? रणपिश्यांचीच हाय ही. अख्खं गाव ओळखतं. ओळखत न्हाई म्हणालो, तर मलाच घरी ऐकून घ्यावं लागंल."

बोटाला शाई लावून ती बाहेर आली ती पळतच. "दिलं गं, नीलम!" एवढंच म्हणाली. कुणाला दिलं ते ना मला सांगितलं, ना वडिलांना. तिच्या आईनं मग आम्हा सगळ्यांना घरी बोलावून वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. वरवंडहून परत आलेले रविराज सर मांडी घालून बसले आणि तीन भाकरी खाऊन उठले. दुसऱ्या दिवशी डिस्पॅच एक दिवस उशिरा गेलं आणि कंपनी जागच्या जागीच उभी होती.

निकालाच्या दिवशी ती कॅन्टीनमध्ये मोबाईल घेऊन बसलेली. दुपारी मोबाईल खाली ठेवला. "पडला," म्हणाली.

"वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं. पण काम आता निवडून आलेल्याकडंच न्यायचं ना. पडलेल्याला काय विचारणार?"

आणि तिनं नव्या खासदारांना पत्र लिहिलं. तिचे वडील केडगाव स्टेशनावरून पुण्याला कामाला जातात. सकाळच्या गाडीला डबे कमी, बायका दारात लोंबकळतात, तर दोन डबे वाढवून द्या, असं दीड पानाचं पत्र. अक्षर माझं, कारण तिचं कुणाला लागत नाही.

दोन महिन्यांनी कंपनीच्या गेटवर तिच्या नावानं पाकीट आलं. आम्ही चौघी त्यावर तुटून पडलो. आत दोन ओळी होत्या: आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आले आहे.

मी म्हणाले, "झालं. गेलं कपाटात."

अपेक्षानं ते पत्र पुन्हा वाचलं, वरचा जावक क्रमांक बोटानं दाखवला आणि खुशीत म्हणाली, "नंबर दिलाय बघ. आता कुठं पाठवलं ते विचारता येतं. नीलम, घे कागद."

मी पेन शोधायला उठले.