लोरीनची डार्ट

अमेरिकेतल्या लायमा गावी एका वर्कशॉपात लोरीन स्टकीनं एकतीस वर्षं इंजिनांचं बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कातायचं काम केलं. केसभर फरकही तिच्या बोटाला कळायचा. तरी वडील गेले आणि त्यांची सत्तर सालची डॉज डार्ट तिच्या नावावर निघाली, तेव्हा धाकटा भाऊ व्हर्लिन भर अंत्यविधीत म्हणाला, "बघाच, बया वाट लावणार गाडीची."

तिनं मूळचं सहा सिलिंडरचं मरतुकडं इंजिन काढून टाकलं. भंगारातून उचललेलं आठ सिलिंडरचं धूड दोन हिवाळे खपून बांधलं आणि त्या चिमुकल्या गाडीत बसवलं. व्हर्लिन एकदाही फिरकला नाही. गावभर मात्र सांगत सुटला, "बापाच्या गाडीची हाडं विकली हिनं."

जूनमधल्या रविवारी पाव मैलाच्या शर्यतीत दोघं समोरासमोर आले. लोरीन दोन गाड्यांच्या लांबीएवढी पुढे निघाली. व्हर्लिन गाडीतून उतरला तो थेट पंचाकडे.

"इंजिन शर्यतीच्या अर्जात लिहून दिल्यापेक्षा मोठं आहे. उघडा."

असा आक्षेप आला की इंजिन खोलून दाखवायचं, नाहीतर बाद. पंच हार्लन ओशाळला. "लोरीन, खोलायला तुझा माणूस बोलावतेस का?"

"कसला माणूस? पाना दे इकडे."

भर उन्हात, शे-दीडशे लोकांसमोर तिनं एका बाजूचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं. तापलेल्या लोखंडानं मनगट पोळलं, पण तिचा पाना थांबला नाही. हार्लननं सिलिंडर मापले, पुन्हा मापले.

"लिहिलंय तेवढंच आहे. बरोबर आहे."

व्हर्लिन थुंकला. "बांधलं कुणी, ते विचारा की!"

लोरीन तेलकट हातांनीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आप्पांनी गाडी मला का दिली, ठाऊक आहे? तुला दिली असती तर तू ती विकली असतीस. मरायच्या आदल्या आठवड्यात हे त्यांनी स्वतः मला सांगितलं."

"खोटारडी!"

"आईला विचार."

तो गेला विचारायला. आईनं मान खाली घातली, आणि तेवढ्यावरूनच त्याला कळायचं ते कळलं.

त्यानंतर तो शर्यतीच्या मैदानावर आला नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आईनं टर्की एकदाच भाजली, पण टेबल दोनदा मांडलं. दुपारी व्हर्लिनसाठी, संध्याकाळी लोरीनसाठी.