हातचं न राखता

माझा मुलगा संघदीप वाशिमजवळच्या एका खाजगी बियाणे कंपनीत नऊ वर्षं होता. सोयाबीनचं बी उगवेल की नाही हे तपासणं त्याचं काम. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सातव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. ऐकायला सोपं आहे. पण कोणता कोंब धरायचा आणि कोणता सोडायचा, यातच सगळं येतं. वरून टवटवीत दिसणाऱ्या कोंबाचं मूळ कधी खुरटलेलं असतं, तो शेतात जगत नाही. संघदीपला ते एका नजरेत कळायचं. हमाल त्याला डॉक्टर म्हणत. मालक भगवंतरावही म्हणत.

मागच्या दिवाळीत भगवंतराव आमच्या घरी आले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. चहा घेतला, अर्धा कप पुन्हा मागून घेतला.

"वहिनी, जऊळक्याले दुसरं युनिट टाकून राह्यलो. ते संघदीपच्याच हाती देतो. फक्त त्याच्याआधी त्यानं माह्या भाच्याले, आदर्शले, इथलं काम शिकवून ठेवावं. संघदीप घरचाच माणूस हाये."

ते गेल्यावर संघदीप म्हणाला, "शिकवतो. पण कोंब मोजणं माह्यापाशी ठेवतो. जऊळक्याचं पक्कं झालं का मग सांगीन."

मी त्याला चांगलंच सुनावलं. त्याच्या आजोबांना वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकावं लागलं होतं. त्यांच्या नातवाने विद्या लपवावी, हे मला सहन होईना. "येते तेवढं सगळं दे त्याले," मी म्हटलं, "हातचं राखू नको."

"तुले भगवंतरावले पाजलेला चहाच चढला," तो हसून म्हणाला. पण त्याने ऐकलं. एका वहीत चांगल्या-वाईट कोंबांची चित्रं काढून दिली. आदर्श रविवारी आमच्याकडे शिकायला यायचा. जेवायची वेळ झाली की मीच त्याला ताट वाढायची.

एप्रिलमधल्या एका सोमवारी संघदीप दहा वाजताच परत आला. भगवंतरावांनी त्याला फाटकातच थांबवलं होतं. जऊळक्याचं रद्द झालं, इथं एका कामाला दोन माणसं कशाला, म्हणाले. आत आदर्श गोणपाट उलगडून बसला होता. संघदीपने हाक मारली, तरी त्याने मान वर केली नाही.

"मोजून राह्यला होता," संघदीप मला म्हणाला. "बरोबर मोजत होता."

त्याचे वडील शेषराव बाजेवर बसून ऐकत होते. "तुह्या मायनं तुले शिकवलं, तुनं त्याले शिकवलं. झालं भलं साऱ्यायचं?" जऊळक्याला कधी जागासुद्धा पाहिली नव्हती, हे पुढे कंपनीतल्या देवला हमालाकडून कळलं.

तीन आठवडे संघदीप घराबाहेर पडला नाही. मग मे महिन्यात देवलाच्याच ओळखीने मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची हिरीबाई आली. तिच्या गटातल्या बाया घरचंच बी राखून पेरतात. दोन वर्षं त्यांना दुबार पेरणी करावी लागली होती.

"दादा, तपासणी शिकवतं का आमाले?" तिने विचारलं. "तुह्या मेहनतीचं देऊ."

संघदीप काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "शिकवायचं काय त्यात? तुमी बोलवत जा, तो येऊन करून देईल."

"म्हणजे दर साली तुमच्या दारात?" हिरीबाई हसली. "बाई, तुमी त लय पक्क्या."

संघदीप माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने गोणपाट भिजवून आणलं आणि तिने सोबत आणलेल्या बियांतले दाणे मोजायला तिला बसवलं. निवडून घेऊ नको, हाती येईल तो दाणा घे, म्हणाला. मांडणी, गुंडाळी, पाणी, सगळं दाखवलं.

"आन् मोजाचं कसं?"

"सातव्या दिवशी मी येतो."

"कायले येतं? उगवलं ते उगवलं."

"तसं नसते," तो म्हणाला आणि गुंडाळी बांधून तिच्या हाती दिली.

सातव्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढताना त्याने मला विचारलं, "आई, सांगू का त्यायले मोजणं?"

दिवाळीत असाच प्रश्न असता तर मी एका श्वासात हो म्हटलं असतं. आता मला फाटकात उभा केलेला माझा मुलगा दिसत होता, आणि मी वाढलेली ताटंही.

"इतक्यात नको," मी म्हटलं.

त्याने वाद घातला नाही. मला वाटलं होतं, घालेल.

आता पाच गावांतून त्याला बोलावणं येतं. घर चालतं. प्रत्येक ठिकाणी तो कोंब मोजायला स्वतःच जातो, आणि मोजताना बायांकडे पाठ करून बसतो, असं हिरीबाई सांगत होती.