जुन्या मॉडेलची शेवटची गाडी

"आधी मागं बसा. स्टेअरिंग कुठं पळून जात न्हाय."

गाडी बघायला कुणीही आलं की तो असं म्हणायचा आणि मागचं दार उघडून, आत शिरणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून, छताच्या कडेवर हात धरून उभा राहायचा. गाड्यांच्या शोरूममधला विक्रेता आणि मंगळवार पेठेत आमच्या समोरचा भाडेकरू. चालवणारा एक आणि मागं बसणारे तीन, मग गाडी कुणासाठी घ्यायची, असा त्याचा सवाल असायचा.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. कुणाचं लग्न ठरलं की गाडी सजवायला हाच, कुणाची बुलेट अडली की ढकलायलाही हाच. माझ्या आईला तो काकू म्हणायचा, मला ताई. रविवारी आमच्याकडे पांढरा रस्सा झाला की वाटी त्याच्याकडे जायची. रिकामी वाटी द्यायला आला की आमच्या चहात साखर कमी असते हे ऐकवूनच जायचा. आगाऊ होता, पण आपला वाटायचा.

आईचे गुडघे गेले होते. उचगावला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी तिच्या उशाशी तासभर बसायचं, एवढ्यावर आई आठवडा काढायची. रिक्षात चढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून मी गाडी घ्यायची ठरवलं. त्याला सांगितलं, मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, आईला चढता-उतरता आलं पाहिजे, बास.

त्यानं आईला शोरूममध्ये नेलं, चहा पाजला, मागच्या सीटवर बसवलं. सीट जरा खोल आहे का, असं आईनं भीतभीतच विचारलं.

"सवय हुतीया काकू, दोन दिसांत," तो म्हणाला.

आम्ही मान डोलावली. चाकांखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले.

तीन आठवड्यांनी त्याच शोरूमच्या दारावर फुग्यांची कमान लागली. नाव आमच्याच गाडीचं, पण रूप नवं, आणि तेही तीन प्रकारांत: छोटी, डिकीवाली आणि उंच. बँकेतून येताना मी आत शिरले. उंच गाडीत बसून बघितलं, उतरून बघितलं. गुडघ्यावर जोर आलाच नाही.

त्याला बाजूला घेऊन विचारलं, ही येणार हे ठाऊक होतं का. त्यानं खोटं बोलावं असं मला वाटत होतं, अगदी खरं सांगते.

"व्हय," तो म्हणाला. "जुनी एकच राहिलीती, ताई. ती गेल्याबिगर नव्याचं नाव काढायचं न्हाय, असं मालकानं बजावलंतं. दुसऱ्या कुणाला दाखवली असती तर त्यानं धा गोष्टी इचारल्या असत्या. तुमी काय इचारत न्हाईसा."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. परकी असते तर वाचले असते.

दुसरी गाडी घ्यायची माझी ऐपत नव्हती. खोल सीटमधून आईला बाहेर काढायला दोघं लागायचे. सहा-सात गुरुवार तिनं रेटले. मग एका सकाळी म्हणाली, "आता नको बाई. गाडी चांगलीच हाय, त्यानं निवडलीया. माझं गुडघंच वाईट." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागानं रडले.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर कट्ट्यावर चार माणसांत त्यानं हाक मारली, काकूंचे गुडघे कसे आहेत म्हणून.

"कुठलं म्हणायचं, पावणं?" मी विचारलं.

आमच्याकडे अनोळखी माणसाला असंच विचारतात. थट्टा समजून कट्ट्यावरचे हसले. तो हसला नाही. महिनाअखेरीला त्यानं खोली सोडली. इचलकरंजीला कुठल्याशा शोरूममध्ये लागला म्हणतात.

गुरुवारी मी आता आईला फोन लावून देते. मावशीला नीट ऐकू येत नाही, तरी आई बोलत राहते. फोन ठेवला की कधीकधी समोरच्या बंद दाराकडे बघून म्हणते, "न सांगता गेला गं. असा नव्हता तो. तुला काय बोलला का?"

नाही म्हणते मी. त्यानं काय केलं ते मी तिला सांगितलेलं नाही. मी काय केलं, तेही नाही.