अहोंच्या पुढ्यातले साठ हजार

रविवारी सकाळी बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी माझी अक्कल चरायला गेली, ती अजून परतलेली नाही. ऐका तर!

आमचे हे 'मोठी स्पर्धा आहे' म्हणून आठलाच गेले आणि डबा विसरले. मला वाटलं, कॅरम असेल! सहा वर्षांच्या लेकीला, स्वराला सायकलवर मागे बसवलं आणि डबा घेऊन, आम्ही जपानात राहतो त्या एदोगावातल्याच हॉलवर पोचले.

दारातून बघते तर काय, हे पत्ते खेळतायत! पुढ्यात रंगीत चकत्यांचे मनोरे. चकत्यांवर आकडे, हजार, पाच हजार! शंभरेक माणसं, पण आवाज? देवळात याहून जास्त असतो.

मी सातवी शिकलेली, पण बेरीज येते हो! साठ हजार येन! स्वराच्या शाळेची फी! तिथूनच साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला. तिकडे अजून सातही वाजले नव्हते.

"आई, तुमच्या लेकानं संसार जुगारात घातला!"

"अगं बाई, माझा बाळू? तू उठव त्याला आधी. इकडचं मी बघते."

इकडचं म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

मी थेट टेबलाशी. "अहो, उठा!"

"अगं, हळू! डाव चाललाय."

"घरदार गेल्यावर बोलू का?"

पत्ते वाटणारी मुलगी कमरेत वाकून जपानीत काहीतरी म्हणाली. स्वरानं सांगितलं, "आई, ती ताई म्हणते, हे पैसे नाहीतच!"

मी कसली ऐकते! ह्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"अगं, जपानात पैसे लावून खेळायला बंदी आहे. प्रवेश फी भरायची, सगळ्यांना सारख्याच चकत्या मिळतात. संपल्या की घरी! बाहेर त्यांत भाताच्या गोळ्याची एक ओनिगिरीसुद्धा येत नाही."

"लाख जमल्या तरी?"

"लाख जमल्या तरी! पहिल्या नंबराला ओसाकाच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळते, एवढंच. चार महिने तयारी करतोय मी."

माझा जीव भांड्यात पडला. वर मायाही दाटून आली. म्हटलं, दोन पोळ्या खाऊनच आत जा. भरवल्याच मी!

आणि इथेच घात झाला. माणूस उठला तरी पोकर थांबत नाही म्हणे! रिकाम्या खुर्चीलाही पत्ते वाटतात, आणि तिची पाळी आली की तिच्या चकत्या उचलून डावात टाकतात, दर थोड्या वेळानं आधीपेक्षा जास्तच! हे परत गेले तेव्हा मनोऱ्यांच्या जागी चार चकत्या उरलेल्या. पाच मिनिटांत स्पर्धेबाहेर!

बिचारे एवढंच म्हणाले, "भेंडी मात्र झकास झाली होती."

तेवढ्यात फोन. सासूबाई! "काळजी करू नकोस. तुझ्या मामंजींना, शेजारच्या अण्णांना, अख्ख्या गल्लीला सांगितलंय. मारुतीला नवस बोललेय. व्यसन सोडवणारे डॉक्टरही मिळालेत."

"आई, तो जुगार नव्हताच हो!"

"अशा घरच्या बायका असंच म्हणतात गं. घाबरू नकोस."

तर साताऱ्याकडचं कोणी हे वाचत असेल, तर हात जोडते, गल्लीत एवढं कळवा. आमचे हे जुगारी नाहीत. त्या हॉलमध्ये पत्ते न बघता सगळं पणाला लावणारी एकटी मीच होते!